भांडं तेच, शिक्के दोन

माल ब्रिटनच्या नियमांत बसतो हे सांगणाऱ्या यूकेसीए या चिन्हाची उंची किमान पाच मिलिमीटर हवी, असा नियम आहे. युरोपीय संघाच्या सीई चिन्हालाही तोच नियम. आमच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या मोठ्या भांड्यांच्या नेमप्लेटवर आता ही दोन्ही चिन्हं शेजारी शेजारी असतात आणि प्रत्येकापुढे एक चार आकडी क्रमांक असतो. हे दोन क्रमांक वेगळे का, याच्या उत्तरात माझ्या नोकरीची बरीच वर्षं गेली. म्हणून ते नीट लिहून ठेवतो. आपल्याकडून ब्रिटनला आणि युरोपला माल पाठवणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल.

मी बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला, ब्लॅक कंट्री म्हणतात त्या भागातल्या एका छोट्या कारखान्यात क्वालिटी आणि सर्टिफिकेशनचं काम बघतो. त्याआधी भोसरीत फॅब्रिकेशनमध्ये होतो. इथे आम्ही अन्न शिजवायच्या वाफेच्या केटल बनवतो. खवा आटवायला स्टीम जॅकेटची कढई असते ना, तशीच, फक्त आकाराने कितीतरी मोठी आणि आत मोटरवर फिरणारा ढवळणारा हात. आत सॉस, जॅम, करीचा रस्सा शिजतो, बाहेरच्या जॅकेटमधून वाफ खेळते. लेस्टरच्या तयार जेवणाच्या कारखान्यांपासून जर्मनी, नेदरलँड्स, आयर्लंडपर्यंत आमचा माल जातो.

अशा एका भांड्यावर कायदे बरेच लागू होतात. फिरणारा हात आहे म्हणून यंत्रांचा, पॅनेल आहे म्हणून विद्युतचुंबकीय अडथळ्यांचा आणि जॅकेटमध्ये दाबाखाली वाफ आहे म्हणून प्रेशर इक्विपमेंटचा. यातला शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा. जॅकेटचा कमाल दाब बारमध्ये आणि घनफळ लिटरमध्ये घेऊन दोघांचा गुणाकार करायचा. वाफेच्या भांड्यासाठी तो पन्नासच्या वर आणि दोनशेच्या आत असेल तर श्रेणी एक. दोनशेच्या वर गेला की श्रेणी दोन, हजाराच्या वर तीन. आमच्या लहान केटलचं जॅकेट पन्नास लिटरचं, दाब साडेतीन बार, म्हणजे १७५. श्रेणी एकचं भांडं यंत्रांच्या कायद्याखाली येत असेल, तर प्रेशरचा कायदा त्याला स्वतंत्रपणे लागत नाही. ते नियमात बसतं असं घोषणापत्र आमचं आम्हीच करतो, बाहेरच्या कोणाची सही लागत नाही. मोठ्या केटलचं जॅकेट नव्वद लिटरचं. गुणाकार ३१५. इथे मात्र नोटिफाइड बॉडी, म्हणजे सरकारने अधिकार दिलेली त्रयस्थ संस्था मध्ये येते. तिचा इन्स्पेक्टर न सांगता येऊन तपासणी करतो आणि तिचा चार आकडी क्रमांक सीईच्या पुढे बसतो.

भोसरीत असताना वाफेच्या कामाला आयबीआर, म्हणजे भारतीय बॉयलर नियम, आणि बॉयलर इन्स्पेक्टरचा ठसा ही पद्धत अंगवळणी पडली होती. सरकारचा माणूस येणार, बघणार, ठसा मारणार. युरोपीय पद्धत निराळी. इथे ठसा उत्पादक स्वतः मारतो आणि जबाबदारीही त्याचीच. टेक्निकल फाइलमध्ये डिझाइनची गणितं, स्टीलची ३.१ प्रतीची मटेरियल सर्टिफिकेटं, वेल्डिंगच्या पद्धती, वेल्डरची प्रमाणपत्रं, हायड्रो टेस्टचा, म्हणजे पाण्याच्या दाबाच्या चाचणीचा अहवाल हे सगळं दहा वर्षं जपायचं आणि मागितलं की दाखवायचं. ही पद्धत मला मनापासून आवडते. ती माणसावर विश्वास टाकते आणि त्याच्याकडून पुरावाही मागते. एकदा फाइल नीट बांधली की एकाच चिन्हावर सगळ्या युरोपीय संघात माल जायचा.

२३ जून २०१६ च्या सार्वमतात ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडायचं ठरवलं, पण त्यानंतर लगेच काहीच बदललं नाही. कारखान्यात त्यावर बोलणं व्हायचं ते राजकारणाचं. फेब्रुवारी २०१९ मध्ये, करार न होताच बाहेर पडावं लागलं तर काय, याच्या तयारीत सरकारने यूकेसीए चिन्ह जाहीर केलं. त्याच सुमाराला आमच्या नोटिफाइड बॉडीचं पत्र आलं. त्यात महत्त्वाचं एकच वाक्य होतं: संक्रमणकाळ, म्हणजे बाहेर पडल्यावरही जुने नियम चालू राहण्याचा काळ, संपला की ब्रिटनमधल्या कुठल्याही संस्थेला नोटिफाइड बॉडीचा दर्जा राहणार नाही आणि तिने दिलेली सर्टिफिकेटं युरोपीय बाजारासाठी चालणार नाहीत.

हे पत्र मी मालकांसमोर ठेवलं. ते या धंद्यातल्या तिसऱ्या पिढीचे. त्यांना वाटत होतं की दोन्ही बाजू एकमेकांची सर्टिफिकेटं मानतील, असा काहीतरी तोडगा शेवटी निघेलच. माझं म्हणणं होतं की निघाला तर उत्तम, पण जर्मनीची ऑर्डर त्या आशेवर ठेवायची नाही. तोडगा निघाला नाही. ३० डिसेंबर २०२० ला सही झालेल्या व्यापार करारात जकातीबद्दल बरंच काही होतं, पण तपासणी संस्थांच्या कामाला परस्पर मान्यता देणारं कलम नव्हतं. दुसऱ्या दिवशी रात्री अकराला संक्रमणकाळ संपला.

सुदैवाने तोवर आमची मोठी केटल युरोपातल्या एका नोटिफाइड बॉडीकडे गेली होती. आमच्या जुन्या संस्थेने संघातल्या एका देशात भगिनी कंपनी उभी केली होती. जुनी संस्था, नवी संस्था आणि आम्ही असा तिघांचा करार झाला, फाइल तिकडे गेली. त्यांनी डिझाइनची गणितं पुन्हा मागितली आणि कोविडच्या दिवसांत व्हिडिओवर प्रश्नोत्तरं झाली. प्रत्यक्ष तपासणीची वेळ आली तेव्हा दारात उभा होता तो आमचा नेहमीचाच इन्स्पेक्टर, आता दुसऱ्या कंपनीच्या ओळखपत्रासह. साडेतीन बारच्या जॅकेटला १.४३ पटीने, म्हणजे पाच बारच्या थोडं वर पाण्याचा दाब द्यायचा, गेज बघायचं, शिवणी पुसून बघायच्या. पूर्वीही हेच होत होतं. फक्त अहवालाचा कागद बदलला आणि फीचं बिल एकाच्या जागी दोन झालं.

सगळ्यात जास्त जिवाला लागलं ते वेल्डिंगचं. श्रेणी दोन आणि त्यावरच्या भांड्यांसाठी वेल्डिंगची पद्धत आणि वेल्डिंग करणारा माणूस, दोघांनाही त्रयस्थ संस्थेची मान्यता लागते. आमच्या माणसांच्या प्रमाणपत्रांवर ब्रिटिश संस्थेची सही होती. ब्रिटिश बाजारासाठी ती पुरेशी, युरोपसाठी आता युरोपातल्या संस्थेची सही हवी. नव्या संस्थेने काही जुनी प्रमाणपत्रं फाइल तपासून मान्य केली, काहींसाठी पुन्हा चाचणी घ्यायला सांगितली. त्यात आमचा सर्वांत जुना वेल्डर होता. डडलीचा माणूस, टिग वेल्डिंगवर त्याचा हात असा की ३१६ एल स्टेनलेस स्टीलची शिवण बघत राहावं. त्याने माझ्यासमोर चाचणीचा तुकडा जोडला. मग एक्स-रे, मग वाकवून बघण्याची चाचणी. सगळं निर्दोष. त्याने मला विचारलं, "या कागदाने माझ्या कामात काय बदललं?" मी म्हणालो, काहीच नाही, हा कागद तुमच्या कामासाठी नाही, भांडं कुठे जाणार त्यासाठी आहे. उत्तर खरं होतं, पण ते देताना मला बरं वाटलं नाही. ज्या माणसाच्या हातावर आमचा सगळा धंदा उभा आहे, त्याने या वयात पुन्हा परीक्षा द्यावी असं काही त्याने केलेलं नव्हतं.

दुसरी अडचण पत्त्याची. आधी आमचा जर्मन वितरक फक्त वितरक होता. १ जानेवारी २०२१ पासून तोच कायद्याने आयातदार झाला. आयातदाराचं नाव आणि पत्ता मालावर किंवा कागदपत्रांवर लागतो, घोषणापत्राची प्रत दहा वर्षं ठेवावी लागते आणि माल नियमात बसतो याची खातरजमा करावी लागते. त्यांना हे नको होतं, आणि त्यांचं चूक नव्हतं. आम्ही डब्लिनमधल्या एका फर्मला लेखी अधिकारपत्र देऊन अधिकृत प्रतिनिधी नेमलं. अधिकृत प्रतिनिधी कागद ठेवू शकतो, अधिकाऱ्यांना उत्तरं देऊ शकतो. डिझाइनची जबाबदारी मात्र उत्पादकाकडेच राहते आणि प्रतिनिधी नेमला म्हणून आयातदाराची कर्तव्यंही संपत नाहीत. शेवटी वितरकासोबत बसून कोणी काय करायचं याचा करार लिहिला, आणि सीईच्या घोषणापत्रात टेक्निकल फाइल संकलित करणारी व्यक्ती युरोपीय संघातली लागते, ते नावही बदललं. १६ जुलै २०२१ पासून तर यंत्रं आणि प्रेशर इक्विपमेंटसकट बऱ्याच मालाला संघात असा कोणीतरी जबाबदार असल्याशिवाय प्रवेशच नाही. ज्यांनी हे आधी केलं नव्हतं, त्यांची त्या उन्हाळ्यात फार धावपळ झाली.

हे झालं युरोपचं. इकडे घरच्या बाजारात यूकेसीए.

सुरुवातीचा नियम असा होता की ग्रेट ब्रिटनमध्ये, म्हणजे इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये, बहुतेक मालासाठी सीई २०२१ च्या अखेरपर्यंत चालेल, पुढे यूकेसीएच लागेल. आम्ही तयारी केली. घोषणापत्राचा नवा मसुदा केला. त्यात युरोपीय निर्देशांच्या जागी ब्रिटिश नियम आले: यंत्रांसाठी २००८ चे, प्रेशर इक्विपमेंटसाठी २०१६ चे. मानकांच्या यादीत ईएन या युरोपीय खुणेच्या आधी बीएस ही ब्रिटिश खूण लागली. आतला मजकूर तोच होता, कारण ब्रिटनने सुरुवातीला युरोपचीच मानकं उचलली होती. जुन्या ब्रिटिश संस्थेचा दर्जा आपोआप ॲप्रूव्हड बॉडी, म्हणजे ब्रिटिश बाजारासाठीची त्रयस्थ संस्था, असा झाला आणि तिचा चार आकडी क्रमांक तोच राहिला. म्हणजे जो क्रमांक काल सीईपुढे होता तो आज यूकेसीएपुढे आणि सीईपुढे नवा. नेमप्लेटचं आर्टवर्क बदललं, नव्या प्लेट्स कोरून आणल्या, मॅन्युअल पुन्हा छापलं.

खरा पेच होता सेफ्टी व्हॉल्व्हचा. तो आम्ही बनवत नाही, जर्मनीतून घेतो. सेफ्टी व्हॉल्व्ह सर्वांत वरच्या चौथ्या श्रेणीत येतो, म्हणजे त्याला संस्थेची पूर्ण तपासणी लागणारच. त्या कंपनीला मी विचारलं की यूकेसीए कधी घेणार. उत्तर सभ्य पण स्पष्ट होतं: एका देशासाठी दुसऱ्यांदा तपासणी करून घेण्याइतका आमचा तिथे खप नाही. अशी उत्तरं मला आणखी पुरवठादारांकडूनही मिळाली. माझ्या मते यूकेसीएचा मूळ हिशेब इथेच चुकला. भांडं ब्रिटनमध्ये बनत असेलही, पण त्यातला व्हॉल्व्ह, मोटर, सेन्सर कुठून येतो? युरोपच्या पुरवठादारांना वेगळं चिन्ह घेण्याची गरज वाटली नाही, तर अडकतो तो इथला उत्पादक. बांधकामाच्या मालात तर रेडिएटर्सच्या तपासणीसाठी ब्रिटनमध्ये पुरेशा प्रयोगशाळाच नव्हत्या, ही तक्रार तेव्हा सगळीकडे होती.

२४ ऑगस्ट २०२१ ला सीई चालण्याची मुदत वाढली: १ जानेवारी २०२३ पर्यंत. जून २०२२ मध्ये थोडी मोकळीक मिळाली, युरोपीय संस्थेने आधी केलेल्या तपासणीच्या आधारावर यूकेसीए लावता येईल अशी. नोव्हेंबर २०२२ मध्ये मुदत पुन्हा वाढली, आता ३१ डिसेंबर २०२४. आणि १ ऑगस्ट २०२३ ला जाहीर झालं की अठरा नियमांखालच्या मालासाठी सीई कायम चालेल, अंतिम तारीख नाही. त्या अठरात यंत्रं होती, प्रेशर इक्विपमेंट होतं, आमच्या कामाचं सगळं होतं. पुढे जानेवारी २०२४ मध्ये आणखी तीन नियम त्यात आले आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून ते कायद्यात उतरलं.

निर्णय योग्यच झाला. सेफ्टी व्हॉल्व्हचा प्रश्न त्या एका जाहीरनाम्याने सुटला आणि मला त्या रात्री शांत झोप लागली. पण त्या आधीच्या दोन वर्षांबद्दल मला राग आहे आणि तो मी लपवत नाही. प्रत्येक तारीख जाहीर झाल्यावर ज्यांनी ती खरी मानली, प्लेट्स मागवल्या, संस्थेला फी भरली, पुरवठादारांशी वाद घातले, त्यांचा पैसा गेला. ज्यांनी काहीच केलं नाही त्यांचं काहीच गेलं नाही. मोठ्या कंपन्यांकडे हे सोसायला वेगळं खातं असतं. आमच्यासारख्या ठिकाणी तोच माणूस क्वालिटी बघतो, तोच मॅन्युअल लिहितो, तोच इन्स्पेक्टरला चहा देतो. त्या वेळात आम्ही झाकणाच्या नव्या इंटरलॉकचं, म्हणजे झाकण उघडलं की ढवळणारा हात थांबवणाऱ्या कुलपाचं काम संपवू शकलो असतो, ज्याने कामगाराचा हात खरोखर वाचतो. ते काम वर्षभर मागे पडलं.

मधेच उत्तर आयर्लंडची एक ऑर्डर आली होती, कौंटी आर्मामधल्या अन्नप्रक्रिया कारखान्याची. देश युनायटेड किंगडमच, पण मालाच्या बाबतीत तिथे युरोपीय नियम लागू राहिले आहेत. नुसतं यूकेसीए तिथे चालत नाही, सीई लागतं. ब्रिटिश संस्थेकडून तपासणी केली असेल तर सीईसोबत यूकेएनआय हे तिसरं चिन्ह लावावं लागतं, आणि ते लावलेला माल पुढे युरोपीय संघात जाऊ शकत नाही. आमच्याकडे युरोपीय संस्थेचं सर्टिफिकेट असल्याने तिसऱ्या चिन्हाची गरज पडली नाही. युरोपीय संस्थेकडे जाण्याचा आग्रह मी धरला होता, त्याचा खरा फायदा मालकांना त्या दिवशी दिसला.

आता आपल्याकडच्यांसाठी. माझा मामेभाऊ भोसरी एमआयडीसीत मसाल्याचे मिक्सर बनवतो आणि इथल्या एका आयातदाराला पाठवतो. त्याचा फोन आला, "दादा, माझ्याकडं सीईचं सर्टिफिकेट आहे, आता यूकेसीएचं पण घ्यायला लागंल का? एजंट म्हणतोय दोन्हीचं पॅकेज देतो." मी त्याला ते सर्टिफिकेट पाठवायला सांगितलं. रंगीत, सोनेरी किनार असलेला कागद होता. पण त्यावर नोटिफाइड बॉडीचा क्रमांक नव्हता. त्या संस्थेचं नाव युरोपीय आयोगाच्या नँडो या यादीतही नव्हतं. मुख्य म्हणजे त्याच्या मिक्सरला संस्थेची गरजच नव्हती. दाब नाही, जास्त धोक्याच्या यंत्रांच्या यादीत तो बसत नाही. त्याला हवं होतं ते स्वतःचं घोषणापत्र आणि त्यामागची खरी टेक्निकल फाइल: जोखमीचं मूल्यमापन, ड्रॉइंग, विद्युत चाचण्या, इंग्रजीतलं मॅन्युअल. ते त्याच्याकडे अर्धंच होतं.

मग रविवारी रविवारी व्हिडिओवर बसून आम्ही ते पूर्ण केलं. बारा हजार शंभर क्रमांकाचं आयएसओ मानक घेऊन जोखमींची यादी केली. हात कुठे अडकू शकतो, झाकण उघडल्यावर पाती किती वेळात थांबतात, वीज जाऊन परत आली तर मशीन आपोआप सुरू होतं का. शेवटच्या प्रश्नावर तो थांबला. त्याचं मशीन सुरू होत होतं. त्याने कॉन्टॅक्टरची जोडणी बदलली आणि तो बदल पुण्यात विकल्या जाणाऱ्या मशीनमध्येही केला. यूकेसीएसाठी त्याला वेगळा खर्च करायची गरज नाही, ग्रेट ब्रिटनमध्ये त्याचं सीई चालतं, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. आयातदाराचं नाव आणि पत्ता मात्र हवा.  संस्था खरी आहे का हे बघायला युरोपसाठी नँडो आहे आणि ब्रिटनसाठी सरकारची स्वतःची यादी. दोन्ही फुकट बघता येतात. पैसे भरण्याआधी तेवढं बघाच.

हे सगळं यंत्रांचं आणि प्रेशरचं झालं. वैद्यकीय उपकरणं आणि बांधकामाचा माल यांचे नियम आणि तारखा वेगळ्या आहेत, तिथे माझं सांगणं लावू नका.

मग आम्ही यूकेसीए काढून का टाकत नाही, असं मालक विचारतात. प्लेटवर ते ठेवलं आहे, कारण ॲप्रूव्हड बॉडीशी करार चालू आहे आणि काही ब्रिटिश ग्राहक अजून टेंडरमध्ये ते मागतात. दुसरं कारण पुढचं. युरोपचा यंत्रांबद्दलचा नवा नियम २०२३ मध्ये मंजूर झाला आणि तो २० जानेवारी २०२७ पासून लागू होणार आहे. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनने मालाच्या नियमांचा नवा कायदा केला. युरोपचे बदल मान्य करायचे की वेगळं जायचं, हे त्यानुसार मंत्री वेळोवेळी ठरवू शकतात. म्हणजे दोन्ही घोषणापत्रं पुन्हा लिहावी लागण्याची शक्यता आहे आणि मी दोन्ही मसुदे हाताशी ठेवले आहेत.

युरोपच्या नव्या नियमात मॅन्युअल डिजिटल देता येईल, आणि सुरक्षेशी निगडित सॉफ्टवेअरमध्ये बाहेरून कोणी ढवळाढवळ करू शकणार नाही याचा पुरावा द्यावा लागेल. आमच्या केटलच्या पॅनेलमध्ये पीएलसी, म्हणजे यंत्र चालवणारा छोटा संगणक आहे आणि काही ग्राहक तो त्यांच्या नेटवर्कला जोडतात. सध्या मी त्या जोडणीचं मूल्यमापन लिहितोय, आणि झाकणाच्या इंटरलॉकचं मागे पडलेलं कामही त्याच फाइलमध्ये घेतलं आहे.